सायकलचे चाक डुगडुगू लागले तर

वाचन : 1 शमुवेल 13:19-22



या पानावर दर अंकात शास्त्राचा पाठ असतो. या वेळी शास्त्राबरोबर दोन पान्हे, एक परात आणि एक जुने बनियन जवळ घेऊन बसा. आपण चार वचने वाचणार आहोत आणि सायकलच्या चाकाचा हब उघडणार आहोत. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असे आमच्या पाळकसाहेबांनीही मला विचारले होते. त्यासाठी आधी एक कबुली द्यावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी याच पत्रकातून आम्ही सायकलींसाठी हाक दिली होती. कोपरगावजवळ गोदावरीच्या काठाने आणि पाटाच्या कडेने ज्या भिल्ल वस्त्या आहेत, तेथील मुलींना आठवीनंतर शाळा चार-पाच किलोमीटर लांब पडते. आपण मोकळ्या हाताने दिले. कोणी पैसे पाठवले, कोणी घरातली जुनी सायकल धुऊनपुसून आणून दिली. अकरा सायकली झाल्या. हँडलला झेंडूचे हार घातलेला तो फोटो आपल्याला आठवत असेल.

गेल्या वर्षी नाताळच्या आधी चादरींची यादी करायला मी वस्तीवर गेले, तेव्हा अकरापैकी सहा सायकली कुडाला टेकून उभ्या होत्या. एकीच्या कॅरिअरवर कोंबडी बसली होती. मला वाटले पंक्चर असतील. पण पंक्चर ही पोरे स्वतःच काढतात. पाच सायकलींची चाके हाताने धरून हलवली तर ती दोन्ही बाजूंना डुगडुगत होती, आणि सहावीचे चाक फिरतच नव्हते.

त्यातली एक सायकल नववीतल्या मुलीची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेलीच नव्हती. आईबाप ऊसतोडीला, घरी आजा आणि धाकटी भावंडे. सायकल दुरुस्त का केली नाही, असे मी आजाला थोड्या घुश्श्यातच विचारले. तो म्हणाला, “ताई, गावात नेली व्हती. दुकानदार म्हणला ठेवून जा, परवा या. म्हंजी न्यायचा एक दिस, आणायचा एक दिस. दोन दिसाची मजुरी मोडायची आन् वर त्याचं पैसं. पोरगी म्हणली, राहू दे आजा.”

हे ऐकून मला शमुवेलाचे पुस्तक आठवले असे लिहिले तर ते खोटे होईल. मला लाज वाटली, एवढेच. आणि लाजेच्या भरात मी पुढची चूक केली. कोणाकडून तरी पान्हा मागून आणला आणि त्या मुलीचे पुढचे चाक असे आवळले की डुगडुग पार थांबली. मुलगी शाळेत जाऊ लागली. मी समाधानाने घरी आले. दहा-बारा दिवसांत पाटाच्या रस्त्यावर ते चाक जाम झाले आणि ती पोर पुढचे चाक उचलून धरत दोन किलोमीटर चालत घरी आली. मी जे आवळले होते त्यानेच आतला भाग खाल्ला गेला होता.

मग मी कोपरगावातल्या एका जुन्या सायकल मिस्त्रीकडे तीन शनिवार जाऊन बसले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, हब आवळायचा नसतो, बसवायचा असतो.” पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांच्या हाताखाली शिकलेले आहे.

आता वचनांकडे येऊ. शौल राजाच्या काळी पलिष्ट्यांनी इस्राएलात एकही लोहार राहू दिला नव्हता. इब्री लोकांनी तलवारी आणि भाले बनवू नयेत म्हणून. पण लोहार नाही म्हटल्यावर अडचण फक्त सैनिकाची होत नाही. नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड, जे काही बोथट होईल ते घेऊन प्रत्येक शेतकऱ्याला पलिष्ट्यांच्या मुलखात उतरावे लागे आणि धार लावण्याचे ठरलेले दाम मोजावे लागे. मूळ इब्री मजकुरात त्या दामासाठी ‘पीम’ असा शब्द आहे. हा शब्द शास्त्रात फक्त येथेच येतो, त्यामुळे जुन्या भाषांतरकारांना त्याचा अर्थ लागत नव्हता. इंग्रजीच्या 1611 सालच्या भाषांतरात तेथे चक्क ‘कानस’ असा अर्थ घेतला आहे. पुढे उत्खननात पीम असे कोरलेली लहान दगडी वजने सापडली आणि कळले की हे वजन आहे, शेकेलाच्या साधारण दोन तृतीयांशाएवढे, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. तेवढी चांदी एका फाळाला धार लावायला! आपण हे वचन वाचताना बहुधा शेवटच्या ओळीकडे धावतो, की लढाईच्या दिवशी शौल आणि योनाथान यांच्याशिवाय कोणाकडे शस्त्र नव्हते. मला मात्र आता तो फाळ खांद्यावर घेऊन चाललेला शेतकरी आधी दिसतो. फाळ त्याचाच होता. धार मात्र दुसऱ्याच्या गावात होती. त्याचा एक दिवस जाण्यात मोडला, दाम वेगळे.

आपण वस्तीला फाळ दिले होते.

आता येथे कोपरगावचा सायकलवाला पलिष्टी झाला असे कृपा करून कोणी समजू नये. तो त्याच्या पोटासाठी बसला आहे आणि त्याच्याकडे दहा सायकली आधीच रांगेत असतात. पलिष्ट्यांनी लोहार मुद्दाम नाहीसे केले होते. आपण फक्त विसरलो. परंतु ज्याची मजुरी बुडते त्याला हा फरक फारसा जाणवत नाही.

हाताचे कौशल्य वस्तूबरोबर द्यावे, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांना नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला काम सुरू केले. त्याच मिशनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर मिशनरी होते. त्यांनी विणकरांसाठी हातमाग सुधारून दाखवला. आणि सायकलीपुरते बोलायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. सायकलकडून फाळाकडे गेलेला हा माणूस मला शमुवेलाच्या या अध्यायाजवळ नेहमी आठवतो.

सायकलने मुलींच्या शिक्षणात खरोखर फरक पडतो का, अशी शंका काही देणगीदारांनी विचारली होती. पडतो. बिहार सरकारने 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि ही वाढ मुख्यतः ज्या गावांना शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तेथे होती. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. म्हणजे सायकल चालत असली तर मुलगी शिकते. हबची काळजी एवढ्याचसाठी.

चाकाच्या पोटात काय असते

चाकाच्या मधोमध जो लोखंडी गाभा असतो आणि ज्यात सगळ्या तारा अडकवलेल्या असतात तो हब. त्यातून आरपार गेलेली दांडी म्हणजे एक्सल. पुष्कळांना वाटते की एक्सल चाकाबरोबर फिरते. ती फिरत नाही. ती दोन नटांनी चिमट्यात पक्की आवळलेली असते आणि हब तिच्याभोवती फिरतो. हबच्या दोन्ही टोकांना आत पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. वाटीत ग्रीस, ग्रीसमध्ये गोल मांडलेले बारीक पोलादी छर्रे, आणि छर्र्यांना बाहेरून दाबून धरणारा शंकूसारखा नट. त्यालाच कोन म्हणतात. कोन एक्सलच्या आट्यांवर फिरतो. आत गेला की छर्रे दाबले जातात, बाहेर आला की ढिले होतात. हबचे सगळे शास्त्र या एका कोनात आहे.

कोन ढिला असेल तर चाक डुगडुगते आणि छर्रे वाटीत आपटत राहतात. कोन फार घट्ट असेल तर छर्रे फिरण्याऐवजी घासतात, पोलादाचे कपचे निघतात आणि मग माझ्या हातून झाले तसे होते. दोन्हींत घट्ट चाक जास्त वाईट. ढिले चाक डुगडुगून तक्रार तरी करते. घट्ट चाक काही बोलत नाही आणि आतून संपते.

आपल्या भागात याला आणखी दोन कारणे. काळ्या मातीचा चिखल हबच्या कडेने आत शिरतो आणि वाळला की त्याची बारीक रेव होते. दुसरे, पोरे सायकल धुण्यासाठी सरळ पाटाच्या पाण्यात उतरवतात. पाण्याने ग्रीस जाते आणि छर्र्यांना गंज चढतो. सायकल चकचकीत दिसते, म्हणून आपणही शाबासकी देतो. धुवायची असेल तर काठावर घेऊन फडक्याने पुसा, हब पाण्यात बुडवू नका.

आधी परीक्षा

पुढचे चाक जमिनीवरून उचला. रिम चिमट्याजवळ बोटांनी धरून डावीउजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर हब ढिला आहे. मात्र नीट पाहा, हलते आहे ते चाकच ना? कधी हँडलच्या खालचा भाग ढिला असतो आणि चाकासकट सगळा चिमटा हलतो. तो आजार वेगळा. चाक फिरवल्यावर रिम नागमोडी जाते, ज्याला पोरे चाक आउट झाले म्हणतात, तोही वेगळा. त्याचा संबंध तारांशी आहे.

आता चाक अगदी हळू फिरवून सोडा. चांगल्या हबचे चाक थांबण्याआधी थोडे मागेपुढे झुलते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह आपल्या वजनाने खाली येऊन थांबतो. व्हॉल्व्हचे वजन ते किती! तेवढ्यानेही चाक वळले तर समजा हब मोकळा आहे. ते मध्येच अडून थांबले तर घट्ट आहे. फिरवताना एक्सलजवळ हात ठेवून रेव दळल्यासारखे जाणवले तर हब उघडावाच लागेल. ही परीक्षा मी मंडळीतल्या तरुण संघाला दाखवली तेव्हा भक्तीनंतर चर्चच्या आवारातल्या सगळ्या सायकली उलट्या करून झाल्या. निम्म्याहून अधिक नापास.

नुसता ढिला असेल तर

चाक काढण्याचीही गरज नाही. एका बाजूचा एक्सलचा नट डावीकडे फिरवून सैल करा. दुसऱ्या बाजूला हात लावू नका. नटाच्या आत चेकनट असेल तर तोही सैल करा. साध्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला पुष्कळदा चेकनट नसतो. तेथे चिमटा आणि बाहेरचा नटच कोनाला जागेवर धरून ठेवतात. मग चपटा पान्हा कोनाच्या कडांना लावा. कोनाच्या कडा इतक्या अरुंद असतात की घरचा जाड पान्हा तेथे बसत नाही. सायकलच्या सामानाच्या दुकानात बऱ्याच मापांचा एकच पातळ पान्हा मिळतो, तो घ्या.

कोन पाव फेऱ्याहूनही कमी आत फिरवा. कोन पान्ह्याने तसाच धरून ठेवा आणि नट आवळा. आता पुन्हा परीक्षा घ्या. नट आवळताना कोनही थोडा आत ढकलला जातो, त्यामुळे नट सैल असताना अगदी बरोबर वाटलेला हब आवळल्यावर घट्ट निघतो. म्हणून कोन किंचित ढिला ठेवून आवळावे, पाहावे, चुकले तर पुन्हा सोडावे. पहिल्यांदा मला हे सात वेळा करावे लागले. मिस्त्री दोनदा करतात. रिमजवळ केसभर खेळ राहिला तरी चालेल. चाक अडता कामा नये.

उघडावा लागला तर

गावाकडे याला ओव्हरऑइल करणे म्हणतात. पावसाळा संपला की वर्षातून एकदा करावे. पाऊण तास लागतो, पहिल्या वेळी दुपार जाते.

चाक काढून परातीत आडवे ठेवा. नट, वॉशर, मडगार्डची पट्टी ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. हा सल्ला किरकोळ वाटेल, पण शेवटी एक वॉशर हातात उरतो तेव्हा त्याची किंमत कळते. आता एकाच बाजूचा कोन पूर्ण काढा. दुसरा कोन एक्सलवर आहे तेथेच राहू द्या, म्हणजे एक्सल पुन्हा बसवताना मधोमध येते. एक्सल हळूच ओढून काढली की छर्रे परातीत पडतील, काही ग्रीसला चिकटून वाटीतच राहतील. ते काडीने काढा. जुन्या स्पीकरमधले चुंबक असेल तर फारच छान.

छर्रे मोजा. दोन्ही बाजूंचे वेगळे मोजा. साध्या सायकलींत बहुधा पुढच्या चाकात 3/16 इंची, प्रत्येक बाजूला दहा, आणि मागच्या चाकात पाव इंची, प्रत्येक बाजूला नऊ असतात. आपल्या सायकलीत वेगळे निघाले तर ते लिहून ठेवा. एका बाजूला कमी निघाले तर आधीच कोणीतरी हरवले आहेत. वस्तीवरच्या एका हबमधून एका बाजूला सहाच निघाले होते.

सगळे सामान डिझेलमध्ये धुवा. रॉकेल आता मिळत नाही. हे काम चुलीपासून लांब, अंगणात करा, आणि धुतलेले डिझेल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका. जुन्या बनियनने पुसून कोरडे करा आणि मग उजेडात पाहा. कोनावर छर्र्यांची वाट उमटलेली असते. ती गुळगुळीत चमकत असेल तर कोन चांगला. बॉलपेनचे टोक त्या वाटेवरून फिरवा. कोठे अडखळले तर तेथे खड्डा आहे आणि कोन बदलायला हवा. वाटीची परीक्षाही तशीच. वाटीच खराब असेल तर मात्र घरी काही होत नाही, हब बदलावा लागतो. एक्सल शहाबादी फरशीवर लोळवून पाहा. लटपटत गेली तर वाकली आहे.

छर्रे बदलायचे असतील तर दोन्ही बाजूंचे सगळे बदला. जुन्यांत चार नवे मिसळले तर नव्यांवरच सगळा भार येतो. छर्र्यांची पुडी चहा-वड्याच्या पैशांत येते, तेथे काटकसर नको.

वाटी अर्धी ग्रीसने भरा. वाहनांच्या चाकांत घालतात ते साधे ग्रीस चालते. गॅरेजमधले काळे जळके ऑइल हबमध्ये ओतण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने चार दिवस चाक सुरेख फिरते, पण ते आतले ग्रीस धुऊन बाहेर काढते आणि मग धूळ चिकटवून ठेवते. काही जुन्या हबांच्या मध्यावर तेलाचे छिद्र आणि त्यावर पत्र्याची क्लिप असते. तेथे स्वच्छ तेलाचे दोन-चार थेंब टाकायला हरकत नाही.

ग्रीसमध्ये छर्रे एकेक करून काडीने बसवा. ग्रीस त्यांना धरून ठेवते. सगळे बसल्यावर गोलात थोडी मोकळी जागा उरलीच पाहिजे; जागा दिसते म्हणून एक जास्त कोंबू नका. वरून थोडे ग्रीस लावा, चाक हळूच उलटून दुसरी वाटी भरा, एक्सल आत घाला, कोन हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग किंचित मागे घ्या. पुढचे वर सांगितल्याप्रमाणे.

मागच्या चाकाला माणसे घाबरतात, कारण उजवीकडे चेन आणि फ्रीव्हील असते. काम डाव्या बाजूने करा. डावा कोन काढला की एक्सल उजव्या कोनासकट फ्रीव्हीलच्या भोकातून उजवीकडे बाहेर येते. आमच्या अकरा सायकलींपैकी एकीचेही फ्रीव्हील काढावे लागले नाही. उजवी वाटी खोल आहे, म्हणून फडके काडीला गुंडाळून पुसावी लागते. चाक परत बसवताना ते मागच्या दोन दांड्यांच्या मधोमध आले पाहिजे, आणि चेन मध्यावर बोटाने दाबली की अर्धा-पाऊण इंच खाली गेली पाहिजे. मागची एक्सल वाकते ती कॅरिअरवरच्या ओझ्याने. एका ठिकाणी हब घट्ट आणि अर्धा फेरा पुढे ढिला लागत असेल तर तीच वाकली आहे, कोन कितीही फिरवला तरी जमणार नाही. वस्तीवर एका कॅरिअरवर धान्याचे पोते आणि त्यावर धाकटा भाऊ अशी वरात मी स्वतः पाहिली आहे.

सायकल परत देण्याआधी दोन्ही चाकांचे नट आणि दोन्ही ब्रेक तपासा. हे न विसरता. मुलगी उतारावरून जाणार असते.

फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही वस्तीवर बाभळीखाली परात मांडतो. पहिल्या दिवशी मीच सगळे करत होते आणि पोरी पाहत होत्या. मिस्त्रींनी मला घरी पाठवण्याची धमकी दिली, तेव्हापासून पान्हा त्यांच्या हातात असतो. एक सामाईक डबा ठेवला आहे: दोन चपटे पान्हे, एक मोठा पान्हा, ग्रीसचा डबा, छर्रे, चार जादा कोन. तो डबा त्या नववीतल्या मुलीच्या घरी असतो. तिचा दीड महिना बुडाला होता, पण ती पास झाली आणि आता दहावीत आहे. छर्रे ती पॉलिशच्या रिकाम्या डबीत ठेवते. आजा आता शेजारच्यांच्या सायकली घेऊन येतो आणि तिच्यासमोर उभ्या करतो; त्याचे तिने काही घ्यावे की नाही यावर घरात वाद चालू आहे. माझे मत घ्यावे असे आहे.

सहापैकी एक मुलगी मात्र शाळेत परतली नाही. तिची सायकल दुरुस्त झाली तोवर घरच्यांनी तिचे लग्न ठरवले होते. वयाचा दाखला काढून, घरच्यांशी बसून बोलून लग्न पुढे ढकलता आले. शाळा सुटली ती सुटलीच. ती सायकल आता तिचा भाऊ चालवतो. तिच्या सायकलचा हब मी उघडला तेव्हा आतले छर्रे चांगले होते, फक्त कोन ढिला झाला होता. दहा मिनिटांचे काम होते. आपण केलेल्या दानाचा हिशेब देताना हेही सांगितले पाहिजे, म्हणून लिहिले.

ज्या मंडळ्या पुढच्या वर्षी सायकली देऊ इच्छितात त्यांना विनंती की जुनी सायकल देण्याआधी वर सांगितलेली व्हॉल्व्हची परीक्षा घ्या. नापास झाली तरी द्या, पण तशी चिठ्ठी लावून द्या. नवी देणार असाल तर दर पाच सायकलींमागे एक पान्ह्यांचा डबा धरा. नव्या सायकलींचे हबही पुष्कळदा दुकानातून घट्टच येतात आणि ग्रीस कमी असते, तेव्हा हार घालण्याआधी एकदा चाक फिरवून पाहा. तरुण संघातल्या ज्यांना शनिवारी यायचे असेल त्यांनी पाळकसाहेबांकडे नाव द्यावे. धुवायला सोपे कपडे घालावेत. छर्रे पाठवणार असाल तर पाव इंची आणि 3/16 इंची वेगवेगळ्या पुड्यांत पाठवा आणि पुडीवर माप लिहा. मागच्या वेळी दोन्ही एकत्र आले आणि ते निवडण्यात आमचा एक शनिवार गेला.